तखदीर

काशाप्पा धनगराचा पिराप्पा हैदराबादेला कॉलेजात गेला, तो बोलायला शिकायला.

मन्नाएखेळ्ळी गावामागचा माळ जमीनदार श्रीपतरावांनी आपल्या नांगराखाली घ्यायचा घाट घातला होता. त्या माळावर काशाप्पाची मेंढरं तीन पिढ्या चरत आली होती. तालुक्याच्या कचेरीत तो दोनदा गेला आणि दोनदा तसाच परत आला. घरात कन्नड, बाजारात मराठी. कचेरीत मात्र निजामाची उर्दू, आणि तिथं उभं राहिलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"तू वकील हो," मोटारीत बसवताना तो पोराला म्हणाला. "आमची दातखीळ बसायलीय तिथं. माळ गेला तर मेंढरं कुठं न्यावीत?"

"मी बोलतो की, अप्पा."

कॉलेजात काळी शेरवानी घालावी लागे. सकाळी हॉकी, संध्याकाळी अंजुमनचे, म्हणजे विद्यार्थी मंडळाचे, जलसे, वाचनालयाच्या भिंतीवर हातानं लिहिलेलं मासिक. पिराप्पाचं अक्षर इतकं सुरेख की पहिल्याच वर्षी मासिक उतरवायचं काम त्याच्याकडे आलं. पण अक्षरासाठी तो आला नव्हता. दुसऱ्या वर्षी वादसभेत त्यानं नाव दिलं. विषय होता, तकदीर मोठी की तदबीर. नशीब मोठं की माणसाची खटपट. पिराप्पानं खटपटीची बाजू घेतली. महिनाभर तो तळ्याकाठी फिरत भाषण घोकत होता आणि खोलीतला सोबती, गुलबर्ग्याचा ईरण्णा, दगडावर बसून ऐकत होता.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. पिराप्पा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सदर साहब, तखदीर नाम की कोई चीज नहीं!"

मागून हशा आला.

बीदरकडच्या दखनीत, म्हणजे इकडच्या बोलीतल्या उर्दूत, घशाच्या तळातून येणारा क नाहीच. त्याचा ख होतो. पिराप्पाच्या कानानं हा फरक कधी टिपलाच नव्हता. आपला मुद्दा लोकांना आवडला असं समजून त्यानं आवाज आणखी चढवला. पुन्हा तखदीर, पुन्हा हशा. चार-पाचदा झाल्यावर त्याला कळलं. पण तो शब्द टाळणार कसा? सगळं भाषण त्यालाच खोडण्यासाठी रचलेलं. उत्तरेकडून आलेल्या परीक्षकांनी तोंडावर रुमाल धरला होता. पिराप्पा शेवटच्या वाक्यापर्यंत बोलला आणि घामानं थबथबून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत एकानं हाक दिली, "आओ तखदीर मियाँ! आज तखदीर में क्या है, दाल कि खीमा?"

उत्तरेकडचे लोक खीम्याला कीमा म्हणतात, त्याच घशातल्या क नं. हसवणारा स्वतः खीमाच म्हणाला होता. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, पिराप्पाच्याही नाही.

मग तो गच्चीवर घशात पाणी धरून क काढायला लागला. खोकून खोकून डोळे लाल व्हायचे.

"कामून जीव घ्यायलास घशाचा?" ईरण्णा म्हणाला. "आमच्या गुलबर्ग्यात बी असंच बोलतेत."

"तुमच्या गुलबर्ग्यात माझा माळ न्हाई."

क काही आला नाही. उलट ख वरचा विश्वास गेला. तोंडाशी आलेला प्रत्येक ख त्याला चोरासारखा वाटू लागला. वर्गात हजेरी सोडता तो बोलेनासा झाला. वकिलीला अजून अवकाश होता आणि माळाची तारीख लागली.

काशाप्पाबरोबर तो शेरवानी घालून कचेरीत उभा राहिला. हातात त्याच्याच सुरेख अक्षरातला अर्ज. पेशकारानं नाव पुकारलं.

"हुजूर," पिराप्पा म्हणाला, "मेरी दरकास्त..."

"दरकास्त?" पेशकारानं शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. "मियाँ दरखास्त बोलो ना, दरखास्त!"

दोघं हसले. तहसीलदार हसला नाही, टाक हातात धरून वाट बघत राहिला. पिराप्पाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अर्ज नुसता पुढं करता आला असता, हेही त्याला सुचलं नाही. मग श्रीपतरावांचा वकील उठला. कायद्याला तो बेधडक ‘खानून’ म्हणाला. कुणी हसलं नाही. दुपारच्या आत माळ गेला.

परतीच्या वाटेवर गावची चिंच दिसायला लागली तेव्हा काशाप्पा म्हणाला, "जाऊ दे रे. तखदीर आपली."

"तकदीर, अप्पा."

पिराप्पा थबकला. क घशाच्या तळातून आला होता, स्वच्छ, कसलाही जोर न लावता.

"व्हय," काशाप्पा म्हणाला. "तेच म्हनलो की मी."

माळाच्या कडेला नागूबाईनं, पिराप्पाच्या आईनं, मेंढरं गोळा करून ठेवली होती. बापलेकांना बघून तिनं दुरूनच हाळी दिली, "अवं, कुठं न्यायची ही?"