इनामदारांचा दुसरा नंबर

मंगळवारी सकाळी साडेनऊला काका गेले. दहा मिनिटांनी काकीनं त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तूच सांग सगळ्यांना."

आमच्या नात्यागोत्यात कोणी गेलं की फोन काका करायचे. ही जबाबदारी त्यांना कोणी दिली नव्हती, पण त्यांच्याकडून कोणी काढूनही घेतली नाही. ते बातमीपासून कधीच सुरुवात करत नसत. आधी जयभीम, मग थोडं थांबून एक प्रश्न, "जेवलात का?" समोरचा नाही म्हणाला, तर म्हणायचे, "जेवून घ्या. अर्ध्या तासानं करतो." आणि फोन ठेवायचे. "उपाशी माणसाला निरोप देऊ नये," असं त्यांचं म्हणणं. "नंतर दोन दिवस त्याच्या घरात कोणी खात नाही."

पुढे पुढे तो प्रश्न ऐकताच लोकांना कळायचं. तरी ते चार घास खायचे आणि फोनपाशी येऊन बसायचे. एकदा एका लग्नात काकांनी सहज नवरदेवाच्या मामांना विचारलं, "जेवलात का?" मामांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण गेलं?" तेव्हापासून काकीची सक्त ताकीद होती. लग्नात काकांनी फक्त हसायचं, बोलायचं नाही.

मला तो प्रश्न सातवीत असताना ऐकू आला. काका मधल्या सुट्टीत शाळेत आले, "जेवलीस का?" म्हणाले, मला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले आणि इडली मागवली. मी दुसरी प्लेट मागितली, चटणीही पुन्हा मागितली. ते समोर बसून बघत होते. मी हात धुऊन आल्यावर त्यांनी सांगितलं की माझे वडील गेले. माझ्या मनात त्याचा राग बरीच वर्षं होता. वडील गेलेले असताना मी चटणी मागत होते, आणि यांनी मागू दिली. कॉलेजात असताना एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "त्यानंतर तू दोन दिवस काही खाल्लं नाहीस. माझं लक्ष होतं." मी तेव्हापासून त्यांच्याच घरी वाढत होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नोकरीत ते आवक-जावक कारकून होते. बाहेर जाणारा प्रत्येक कागद कोणाकडे, कसा, कोणाच्या हाती द्यायचा, याची नोंद ठेवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर ती सवय फोनमध्ये आली. प्रत्येक नावाखाली टिपेसाठी एक रिकामी जागा असते, तिथं आपण बहुतेकजण काहीच लिहीत नाही. काकांनी तिथं त्या माणसाला वाईट बातमी कशी सांगायची ते लिहून ठेवलं होतं. 'कानाने कमी. मोठ्याने सांगावे, पण शेजारी ऐकतात.' 'दुपारी झोपतात, चारनंतर.' 'रडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करणे.' 'आधी मुलाला.'

या टिपा माझ्या हातून गेल्या. दोन महिन्यांपूर्वी आम्ही बुधवार पेठेतून त्यांना नवा फोन घेतला. दुकानदार नंबर उतरवून देतो म्हणत होता. दुकानात गर्दी होती, मी म्हटलं, राहू द्या, मी करते. मी सगळी नावं सिमकार्डवर उतरवली, सिम नव्या फोनमध्ये घातलं, जुन्या फोनमधलं सगळं पुसून तो बदल्यात देऊन टाकला. नावं आलेली दिसली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी काका बराच वेळ खिडकीपाशी फोन घेऊन बसले होते. मग म्हणाले, "माणसं आलीत. त्यांचे स्वभाव नाही आले."

सिममध्ये माणसामागे एक नंबर आणि नावाची मोजकी अक्षरं मावतात, हे मला तेव्हा कळलं. 'गायकवाड मांजरी थोरली वहिनी' आणि 'गायकवाड मांजरी धाकटे' हे दोघंही आता 'गायकवाड मां' झाले होते. दुसरे नंबर गेले, टिपा गेल्या. मी त्यांचं ईमेलचं खातं उघडून पाहिलं. जुन्या फोनवर नंबर खात्यात साठवण्याची सोय कधी चालूच केलेली नव्हती. मेमरी कार्डात फक्त फोटो होते. दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं, तर जुना फोन पुढे गेलेला. दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सिम म्हणजे काडेपेटी असते, मॅडम. तुम्ही तिच्यात कपाट भरलंत." मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, नोंदी नीट ठेवण्याचाच पगार घेते. मी मान खाली घातली. घरी सांगितलं तेव्हा काका मात्र हसले, आणि मला एका शब्दानंही बोलले नाहीत.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते आठवून सांगायचे आणि मी टिपा पुन्हा भरायचे. एका संध्याकाळी इनामदारांचं नाव आलं, तेव्हा म्हणाले, "पुढचं घे."

"त्यांचं काय लिहू?"

"इनामदारचं मला पाठ आहे. आणि त्याला मीच सांगणार ना."

इनामदारचाचा म्हणजे कचेरीतलं त्यांच्या शेजारचं टेबल. दोघं एकमेकांना उलटा नमस्कार करायचे. चाचा "जयभीम, साहेब" म्हणायचे आणि काका "सलाम, साहेब". निवृत्तीनंतर रोज अकराला चाचांचा फोन यायचा. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं. गेल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ गेले, ते त्यांनी खोलीत एकटं असताना फोनवर वाचलं आणि ते जागीच कोसळले. आठ दिवस अतिदक्षता विभागात होते. तेव्हा काकांनी ठरवून टाकलं की यापुढे कुठलीही वाईट बातमी आधी त्यांच्या सुनेला द्यायची. ती जाऊन चाचांजवळ बसेल, मगच काका त्यांच्याशी बोलतील. सुनेचा नंबर चाचांच्या नावाखाली दुसरा नंबर म्हणून ठेवलेला होता. तो सिममध्ये मावला नाही. "घेईन त्याच्याकडून पुन्हा," असं काका म्हणाले होते, आणि राहून गेलं.

त्या मंगळवारी फोन हातात आला तेव्हा पावणेदहा होत होते. पहिले सात-आठ फोन काकांच्या टिपा वाचत केले. मांजरीच्या गायकवाडांकडे आधी धाकट्यांना, मग थोरल्या वहिनींना. काकांचे शब्द माझ्या तोंडी होते आणि माझी नजर घड्याळावर होती. मधल्या वेळात मी सुनेचा नंबर शोधत होते. आलेल्या-गेलेल्या फोनच्या यादीत चाचांचा एकच नंबर, रोज अकराचा. निरोपांमध्ये ईदचे आणि चौदा एप्रिलचे शुभेच्छांचे फोटो, तेही चाचांच्याच नंबरावरून. कपाटातली जुनी डायरी काढली, तर तिच्यात सहा आकडी नंबर. काकीला कोणाचा नंबर ठेवायची कधी गरजच पडली नव्हती, फोन काका लावून द्यायचे. चाचा दोन वर्षांपूर्वी मुलाच्या घरी कोंढव्याला राहायला गेले होते. कोंढव्यात कुठं, ते फक्त काकांना माहीत होतं.

कचेरीतल्या निवृत्त मंडळींचा ग्रुप एक जोशी चालवतात. त्यांना विचारलं. त्यांच्याकडेही सुनेचा नंबर नव्हता. बातमी मात्र त्यांना आता कळली होती, आणि ते ग्रुपवर टाकायला निघाले. मी चाचांचं सांगून विनवलं. ते म्हणाले, "अहो, मला कळलं. पण दुसरा कोणीतरी टाकेलच, त्याला मी काय करणार? माझ्यापुरतं सव्वाअकरापर्यंत थांबतो."

पावणेअकराला माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं. अकराचा फोन उचलला नाही, तर चाचा पुन्हा पुन्हा लावतील, आणि तेवढ्यात ग्रुपवर वाचतील. उचलून सुनेला बोलवा म्हटलं, तर तेवढ्यानंच त्यांना कळेल. पुस्तक हरवलं तर ग्रंथालयात नोंदवहीत शेरा मारून आम्ही पुढे जातो. इथं माझ्या एका चुकीखाली एक माणूस उभा होता. बाहेरच्या खोलीत चटई अंथरत होते. मी आत कॉटच्या कडेला बसून फोन दोन्ही हातांत धरला होता.

अकराला फोन वाजला. मी उचलला.

"जयभीम, साहेब," चाचा म्हणाले.

पुढं "सलाम, साहेब" म्हणायला हवं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग तीही थांबली. मी श्वास घेतला तेवढा त्यांना ऐकू गेला असावा.

"कोण, बेटा तू?"

"हो, चाचा."

"थांब. मी बसतो." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी हाक मारली, "नसीम, इकडे ये. माझ्याजवळ बस." बांगड्या वाजल्या, सुनेनं काय झालं म्हणून विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला अडवलं.

"तू जेवलीस का?"

मी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. तसं सांगितलं.

"मग आधी काहीतरी खा. मी फोन चालू ठेवतो."

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात कालची भाकरी होती. काकांनी काल अर्धी मोडून ठेवलेली. ती मी उभ्यानं खाल्ली, पाणी प्यायले. फोन ओट्यावर होता, त्यातून चाचांचा श्वास ऐकू येत होता. मग फोन उचलून मी सांगितलं. नसीमनं फोन घेतला आणि म्हणाली, "बसलेत, दीदी. माझा हात धरलाय त्यांनी."

दुपारी ते तिच्याबरोबर आले. काकांच्या पायाशी उभे राहिले आणि हळू आवाजात जयभीम म्हणाले. उत्तर मी दिलं.

काकांचा फोन आता माझ्याकडे असतो. इनामदारांच्या नावाखाली दोन नंबर आहेत. अकराला तो वाजतो.