तिन्हीसांजेच्या आत काढलेला केर

शरणापूर फाटा मागं पडला तरी शालूनं खांद्यावरची पिशवी माझ्याकडे दिली नव्हती. पडेगावपासून तीनदा मागून झाली. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी जायचं आणि पिशवी आलटून पालटून घ्यायची, ही आमची अकरा वर्षांची रीत. बहुतेक लोक रात्री निघतात, आम्ही दोघी फटफटल्यावर. पिशवीत असतं काय, तर नारळ, रुईची माळ, तेलाची बाटली. पण आज ती अशी छातीशी धरून चालली होती, जसं काही आत तान्हं लेकरू आहे.

"अगं, नारळ वाटेत फुटत नसतो," मी म्हणाले.

"नारळाचं नाय, बाई. चला तुम्ही. सांगते म्होरं."

शालू आमच्या शाळेच्या कचेरीत कंप्युटरवर काम करते. मी तिथं शिकवत होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ती कन्नडजवळच्या एका वस्तीवरची. बाप सोनाजी मेंढरं राखायचा, वर्षातले आठ महिने गावाबाहेर. मेंढरांमागं फिरत ही दहावी झाली, कशी झाली ते तिचं तिला ठाऊक. मग टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि दोन हजार अकराच्या जूनमधे आमच्या संस्थेत 'तात्पुरती' म्हणून लागली. चौदा वर्षं झाली. आमच्या संस्थेत तात्पुरतं इतकं टिकतं की कायमच्या इमारतीनं त्याच्याकडून शिकावं. एवढ्या काळात दोन भिंती पडल्या, शालू आहे तिथंच.

स्वभावानं गोड नाही. एम.ए. झालेल्या शिक्षकाचं अक्षर पाहून तोंडावर म्हणाली होती, "सर, कोंबडीनं उकरल्यागत हाय, वाचून दाखवा." पण त्याच अक्षरातला अर्ज तिनं शुद्ध करून, वेलांट्या नीट करून दिला. असे कितीतरी अर्ज. खाली सही मोठ्यांची, वर अक्कल शालूची.

संस्थेचे सचिव श्रीधरराव. घराणं पूर्वी पौरोहित्याचं, नंतर कारकुनीचं. कपाळाला ठसठशीत गंध. मीही पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही, तेव्हा गंधाला नावं ठेवणार नाही. गंधामागच्या डोक्याला ठेवीन.

कंप्युटरच्या पडद्यावर केराच्या टोपलीचं चित्र असतं, नको त्या फायली तिच्यात जातात. श्रीधररावांनी ते चित्र पाहिलं आणि त्यांना घरची शिकवण आठवली: तिन्हीसांजेला घरात केर असू नये, लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते. झालं, त्या दिवसापासून नियम. साडेपाचला शिपायानं खोल्या झाडायच्या, शालूनं पडद्यावरची टोपली रिकामी करायची, मग साहेब सरस्वतीच्या तसबिरीपुढं दिवा लावणार. "केर निघाला का?" ते विचारत. "निघाला, साहेब," ती सांगे. टोपली रिकामी दिसली की केर गावाबाहेर पोचला अशी त्यांची खात्री. पाठांतर दांडगं, पण केर टाकला कुठं हे एकदाही विचारलं नाही. घरातला केर जन्मभर दुसऱ्यानं काढला की माणसाचं असं होतं.

दौलताबादच्या अलीकडं एका चिंचेखाली आम्ही टेकलो. शालूनं पिशवी मांडीवर घेतली.

"गेल्या जूनला नवीन मशिनी आल्या, आठवतं?"

आठवत होतं. त्याच्या आधीच्या महिन्यात शालूनं कायम करण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज दिला होता. त्यावर संस्थेनं कळवलं की ही बाई दोन हजार एकवीसपासूनच कामावर आहे. कागदी हजेरीपट मागितले, तर ते गळतीत भिजले म्हणे. आमच्या शाळेचं छप्पर हुशार आहे, हवं तिथंच गळतं. राहिले ते कंप्युटरमधले हजेरीपट. शालूनं रोज टाइप केलेले, सर्वात खाली तिचं स्वतःचं नाव.

"साहेब चहा घेऊन माझ्या खुर्चीमागं उभे. म्हणले, शालू, नवीन मशिनी यायच्यात, जुना केर काढ. अकरा ते वीस, सगळे हजेरीपट. मी म्हणलं, साहेब, त्यात माझी हजेरी हाय. तर म्हणले, तुझी एकटीची का, सगळ्यांचीच आहे."

"पेनड्राइव्हवर घ्यायचं होतंस."

"लावू कुठं? व्हायरस येतो म्हणून त्यांनी भोकांवर चिकटपट्टी मारून घेतली व्हती. जसा काय तो डासच हाय." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "माझ्या हातानं टाकलं, बाई. साडेपाचला टोपली रिकामी केली. साहेबांनी दिवा लावला, मला परसाद दिला. खडीसाखर."

"खाल्लीस?"

"खाल्ली की. देवाची व्हती, त्यांची थोडीच."

पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला सुनावणी आहे. साडेनऊ वर्षांची हजेरी दाखवता आली तर शालू कायम होणार. नाही आली, तर तेवढी वर्षं ती तिथं नव्हतीच. मग शाळेचे निकाल, दाखले, साहेबांची भाषणं, हे सगळं कोण टाइप करत होतं? सरस्वतीच येत असावी, तात्पुरत्या पदावर.

मला वाटलं ती आता रडेल. ती हसायला लागली.

"तुम्हाला बी वाटलं ना, गेलं म्हणून?"

वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मीही त्याच पिढीची, फळा पुसला की धडा संपला असं मानणारी.

तिनं मला समजावलं ते असं. चार वर्षांपूर्वी दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण श्रीधररावांच्या केरात गेले होते. तेव्हा हिला औरंगपुऱ्याच्या बोळात दुरुस्तीवाल्या संघपालकडे पिटाळलं. तो आधी तिच्यावर ओरडला, पहिलं मशीन बंद करा, त्यात एक अक्षर लिहू नका. मग म्हणाला, पुसलेली फाइल जागची हलत नसते. यादीतला तिचा पत्ता तेवढा खोडतात आणि तिची जागा मोकळी म्हणून मांडतात. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं, की मग ती खरी जाते. गुण सगळे मिळाले. श्रीधरराव सर्वांना सांगत सुटले, नवस फळला.

"मला लगेच उमगलं," शालू म्हणाली. "आमच्या बाबाच्या मेंढरांच्या कानाला खूण असायची, कातरलेली. मेंढरू चोरीला गेलं, दुसऱ्याच्या कळपात मिसळलं, तरी कानात आमचीच खूण. चोर त्याच कानावर नवी खूण कातरतो, तवा जुनी जाती. ह्या चोराला कातर कुठं धरायची तेच ठाऊक नाय."

"पण त्या मशिनी तर गेल्या."

"गेल्या म्हंजी? फकिरा भंगारवाल्याला वजनावर घातल्या. एवढा घाबरलेला माणूस, पण फोडून टाकावं हे सुचलं नाय. चार पैसे मिळत व्हते ना."

दुसऱ्याच दिवशी ही फकिराच्या वखारीत. अकरा डबे एकावर एक रचलेले. दर दसऱ्याला हिनं आपल्या मशीनला हळदकुंकू लावलेलं, झेंडूचा पिवळा डाग कोपऱ्यात तसाच. तेवढ्यावरून आपला ओळखला, रोख घेतला, तारखेची पावती घेतली. इतर कुणी आपापल्या मशीनची पूजा कधी केली नव्हती, ते एक बरं झालं. संघपालनं डबा उघडून आतली डिस्क काढून दिली आणि सांगितलं, आत्ताच फायली काढल्या तर ते म्हणतील तुम्ही घरी बसून टाइप केलं. सुनावणीत अधिकाऱ्यापुढंच उघडायची मागणी करा, तोवर कशाला जोडू नका. नव्या प्रकारच्या मशीनमधे पुसलं की बहुतेक जातंच. ही जुनी आहे, म्हणून आशा आहे, खात्री नाही.

"खात्री नाही?" मी विचारलं.

"नाय. देवाची बी नसती, तरी चालतोच ना आपण."

आम्ही घाट चढायला लागलो. खुलताबादच्या कमानी दिसल्यावर ती थांबली आणि पिशवीतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. चपटी, लोखंडी, छोट्या पोथीएवढी. मी हातात घेतली. अर्धा किलो असेल नसेल.

"साहेबानं परवा आमच्या मालकांना चहाला बोलावलं व्हतं," ती म्हणाली. मालक म्हणजे तिचा नवरा बन्सी, करमाडला हातमजुरी करतो. "म्हणले, बन्सीभाऊ, रखवालदाराची जागा निघतीय, अन् घरात भंगाराचं काही आणलं असंल तर बघा. फकिरानं सांगितलं असंल कुणाला. आमचे मालक लई सरळ. गोड बोललं की कुलूप उघडून देतील, वर पिशवी बी देतील न्यायला."

"तुला माहीत आहे, श्रीधरराव दर गणपतीत माझ्या घरी येतात."

"म्हणून तर. ते तुमच्या घरात शोधायचे नाय. तुम्ही त्यांच्या लेखी देवभोळ्या."

हे तिनं इतकं सहज म्हटलं की राग यायलाही जागा ठेवली नाही. देवळातल्या घंटेचा आवाज येत होता. तिनं फडकं पुन्हा नीट गुंडाळलं, गाठ मारली आणि वस्तू माझ्या ओटीत ठेवली.

"बाई, खोटं बोला म्हणत नाय. साहेब येतील, देवघरापुढं बसतील, खडीसाखर घेतील, घेऊ द्या. फकस्त बारा तारखेपस्तोर हे तुमच्या देवाच्या फळीवर राहू द्या. तुमच्या सूनबाईला हलवू देऊ नका. अन् तिन्हीसांजेला तिथला केर तुम्ही सोता काढत जा."