भिंतीपलीकडचा अविनाश

माझ्या घरात एक पुरुष राहतो, ही बातमी मला सर्वांत शेवटी कळली.

आधी ती शेजारच्या सुमनकाकूंना कळली. त्यांच्याकडून आळेफाट्याला माझ्या थोरल्या भावाला, आणि दादाकडून तळेघरला आईला. मी मात्र त्याच घरात बसून पाण्याच्या एका मोटारीचे गुण गात होते. ("विहीर कितीही खोल असो, आमचं नातं त्याहून खोल!" कंपनीला ही ओळ फार आवडली. त्यांनी ती बदलली.)

मी लेखन करते. नोकरी नाही, जो सांगेल त्याचं काम घ्यायचं. लोणच्याच्या बरणीवरचा मजकूर, पतसंस्थेच्या अध्यक्षांचं भाषण, कुणाच्या एकसष्टीचं मानपत्र. जुन्नरच्या पेठेत भाजीवाल्या मावशींनी मला एकदा विचारलं होतं, "ताई, काय करता वो तुमी?"

"लिहिते."

"तहशिलीत का?"

"नाही, घरीच."

"आसूंद्या," मावशी मेथीची जुडी पिशवीत घालत कळवळून म्हणाल्या, "मिळंल कुटंतरी!"

माझी फारकत होऊन बरीच वर्षं झाली. दोन खोल्या, एक टेबल, एक लॅपटॉप आणि मी. सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं होतात. त्यानंतर दिवसभर तोंड उघडायचं ते जेवायला. काम देणारे पुण्याचे लोक बोलतात, पण ते मोबाइलवर टाइप करून. "ताई, जरा पंच कमी पडतोय." आता पंच म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत नसतं. मी दोन विशेषणं काढते आणि एक उद्गारचिन्ह घालते. "आता मस्त!" असं उत्तर येतं आणि घर पुन्हा गप्प.

अशात मला लिहायला एक मालिका मिळाली. बघायची नव्हे, मोबाइलवर ऐकायची. नायक अविनाश, नायिका मीरा, आणि दोघांच्या मध्ये अख्खं खानदान. कानांसाठी लिहायचं तर वाक्य तोंडाने म्हणून बघावं लागतं. कागदावर झकास वाटलेलं वाक्य म्हणताना दातात अडकतं. म्हणून मी म्हणू लागले. मीरासाठी माझा आवाज आणि अविनाशसाठी पोटातून काढलेला घोगरा, जाड आवाज.

सुरुवातीला कसंतरीच वाटलं. मग गोडी लागली. खरं सांगायचं तर काम संपलं तरी मी एखाददुसरं पान जास्तीचं म्हणायचे. घरात कुणीतरी कुणालातरी "जेवलीस का?" विचारतंय, हे कानाला बरं वाटायचं. विचारणारी मीच होते, पण कानाला तेवढं कुठे कळतं?

सुमनकाकूंच्या कानाला तर अजिबातच कळलं नाही. आमच्या दोन घरांत एका विटेची भिंत. त्या भिंतीपलीकडे काकू तांदूळ निवडत बसायच्या. एके दुपारी त्यांनी स्पष्ट ऐकलं, "आज मी इथून हलणार नाही, मीरा! तुझ्या घरच्यांना काय सांगायचं ते सांग!"

मीरा हे माझं लाडाचं नाव असणार, असं ठरवून काकूंनी तांदूळ बाजूला ठेवले.

त्यात पुण्याहून निरोप आला की अविनाश फार मवाळ वाटतो, त्याला जरा पेटवा. मी पेटवला. दुसऱ्या दिवशी अविनाश टेबलावर हात आपटून ओरडला, "हे घर माझं आहे! बघतोच कोण मला बाहेर काढतं!" त्यावर मीरा हुंदके देऊन रडली. (रडणं मला छान जमतं. सरावाला वेळ भरपूर मिळतो.)

काकूंनी त्याच रात्री दादाला फोन लावला.

दादाचं आळेफाट्याला ट्रकांचं गॅरेज आहे. माणूस प्रेमळ, पण प्रेम दाखवायला त्याला हातात पान्हा लागतो. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी नेमकी अविनाशच्या अंगात होते. "दार उघडू नकोस, मीरा!" असं मी गरजायला आणि दारावर धडाधड थापा पडायला एकच गाठ पडली.

दार उघडलं. समोर दादा, कपाळाला ग्रीस, हातात भला मोठा पान्हा. मागे सुमनकाकू, पदराआडून एक डोळा बाहेर.

"कुटंय त्यो?" दादा ओरडला.

"कोण?"

"उगा येड घेऊ नगं! आत्ता बोलत व्हता, म्या सोताच्या कानानं आयकलं!"

तो आत घुसला. पलंगाखाली वाकला, मोरीत डोकावला, कपाट उघडलं. कपाटातून मानपत्रांच्या जुन्या प्रतींचा गठ्ठा त्याच्या पायावर पडला. "आयो!" करत तो बाहेर आला आणि दाराशी त्याला हवा तो पुरावा सापडला. पुरुषाच्या चपला!

"आन ह्या? ह्या कुणाच्या गं?"

"तुझ्या."

"माझ्या?"

"तूच ठेवल्यास! बाईमाणूस एकटं राहतं, दारात बाप्याच्या चपला असू दे म्हणालास!"

दादाने एक चप्पल हळूच पायात घालून बघितली. बरोबर बसली. "बंध तुटलेला व्हता," तो पुटपुटला. "आपल्याच हायत्या." पण काकू हार मानणाऱ्या नव्हत्या. "चपला तुमच्या असतील, पर आवाज न्हवता तुमचा! चांगला भारदस्त व्हता!"

हे दादाला लागलं. तो पुन्हा पलंगाखाली वाकला.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि त्यातून आई उतरली! भल्या सकाळी तळेघरहून निघून, घोडेगावला एसटी बदलून आली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत नवी कोरी घोंगडी आणि पिशवीत जिवंत कोंबडा. आमच्याकडे मेंढरं आजोबांबरोबर गेली, पण मानाच्या पाहुण्याला घोंगडी अंथरायची रीत राहिली आहे. मला काही कळेना. आईने उंबऱ्यातच मला जवळ घेतलं.

"म्या रागावले न्हाई गं. कोन का आसंना. दारूबिरू पीत न्हाई ना?"

"आई, कोण?"

"जावई! लपीवलाय कुटं?"

दादा पलंगाखालून बाहेर आला. आईने त्याच्या हातातला पान्हा बघितला. "पावन्याम्होरं ह्ये घिऊन आलास? ठिव तिकडं!"

मग मला सगळं समजलं आणि मी सगळं समजावून सांगितलं. मालिका, नायक, नायिका, मोबाइल. तिघं माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी कुण्या गावाहून नुकतीच उतरले आहे. शेवटी मी म्हटलं, करूनच दाखवते. सगळ्यांना घोंगडीवर बसवलं, घसा साफ केला आणि पोटातून आवाज काढला, "आज मी इथून हलणार नाही, मीरा!"

"ह्योच!" सुमनकाकू उडाल्याच. "ह्योच गडी!"

पिशवीतला कोंबडाही ओरडला.

मी अख्खा भाग वाचला. दादाने पान्हा मांडीवर घेतला आणि खलनायक मामाचं नाव आलं की तो त्यावर मूठ आवळायचा. काकूंनी मध्येच विचारलं, "मंग मीरा जाती का न्हाई त्याच्यासंगं?" आई मात्र तोंडाला पदर लावून ऐकत होती. संपल्यावर काकू चहा टाकायला त्यांच्या घरी गेल्या, दादा त्यांच्या गॅसची नळी बघायला त्यांच्या मागे गेला. (हात रिकामा राहिला की त्याला करमत नाही.) आई घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत म्हणाली, "रोज आशीच बोलती का गं तू? एकलीच?"

"काम आहे ते, आई."

"आन काम न्हाई आसलं मंजी?"

लोकांना काय बोलावं हे लिहून देण्यावर माझं पोट चालतं. मी उठून खिडकी लावली. खिडकी आधीच लावलेली होती.

त्या दिवशी कोंबडा शिजला. मानाचा पाहुणा नव्हता, म्हणून तंगडी दादाने घेतली. काकू आमच्यातच जेवल्या. इतकी माणसं त्या खोलीत कधी बसलीच नव्हती. ताटं कमी पडली आणि मी पातेल्याच्या झाकणावर जेवले. इतकं चांगलं जेवण मी त्या घरात कधी जेवले नव्हते. दिवस कलायच्या आत दादा आईला मोटरसायकलवर घेऊन निघाला. वळणावरून ती मागे बघत राहिली. मग घर परत माझ्या एकटीचं झालं, कोंबड्याचाही आवाज नाही.

मालिका पुढे बंद पडली. आई बंद पडली नाही. तिने भावकीत सगळीकडे निरोप धाडले आणि एक स्थळ काढलं. नारायणगावकडचे, बायको वारलेली, द्राक्षांची बाग, स्वभावाने शांत. आईच्या आग्रहाखातर त्यांचा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं. पलीकडून बासरीसारखा बारीक, लाजरा आवाज आला, "जेवलात का?"

मी विचार करून कळवते म्हटलं आणि फोन ठेवला. पाठोपाठ आईचा आला.

"का गं, काय खोट हाय मान्सात?"

"माणूस चांगला आहे गं," मी म्हटलं, "पण आवाज फार बारीक. म्हणजे लग्न झाल्यावरसुद्धा घरातल्या पुरुषाचं बोलणं मलाच बोलावं लागणार!"