आतोबांच्या शिकवणीचे तास

भारताच्या आकाशात आमच्या आतोबांइतका प्रामाणिक माणूस दुसरा उडाला नसावा, आणि त्यांच्यासोबत आठवडाभर काढलेला कोणीही देवाकडे हेच मागेल, की दुसरा उडूही नये. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी मी नागपूरहून बेंगळुरूला आलो आणि जयनगरला त्यांच्या घरी राहिलो. हे माझं भाग्य, असं सगळे नातेवाईक म्हणत. नातेवाईक नागपुरात होते.

शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर आतोबा दोन आसनांच्या विमानात उडायला शिकवत. शिक्षकाने आपले तास कसे नोंदवावेत याचा नियम आहे: विद्यार्थ्याशेजारी बसून शिकवलेला वेळ धरायचा, नुसता प्रवासी म्हणून बसलेला धरायचा नाही. बाकीचे शिक्षक इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा सगळा वेळ लिहीत आणि सुखाने जेवत. आतोबांनी मात्र नियम वाचला होता. ते म्हणत, "मी बोललो तर शिकवणी. गप्प बसलो तर मी सामान." आणि सामान झालेला वेळ घड्याळ बघून वजा करत. त्यामुळे विद्यार्थी हुशार निघाला की यांचे तास घटत. ढ पोरांवर त्यांचा फार जीव होता.

जिथे तास धरले जात नाहीत तिथे मात्र त्यांची शिकवणी अखंड चाले. आत्याने गॅस पेटवण्याआधी नळी, बटण, खिडकी असं सगळं मोठ्याने म्हणायचं, आणि ती म्हणायची, कारण न म्हटल्यास कॉफीला आणखी उशीर होई. एकदा रिक्षात बसल्यापासून ते चालकाला आरसा, वेग आणि वळण समजावत होते. चौथ्या वळणावर त्याने रिक्षा थांबवली, खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "सरी सार, नीवे ओडिसि." म्हणजे तुम्हीच चालवा. आतोबांना तो प्रस्ताव रास्त वाटला. आत्याने त्यांना हाताला धरून बसवलं.

शिक्षकाचा परवाना टिकवायला ठरावीक तास शिकवल्याची नोंद लागे, आणि त्या वर्षी या सत्यवचनी माणसाला ते कमी पडले. मुदत संपली तर पुन्हा परीक्षा, पुन्हा तपासण्या, आणि त्या वयात त्यांना पुन्हा कोण उभं करणार होतं? मुदतीआधीच्या शेवटच्या रविवारी नोंदीत अगदी थोडा वेळ कमी पडत होता, आणि विद्यार्थी एकच, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे उडायला शिकणारा मी. आत्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, थोडं चुक की. हे घरी बसले तर दिवसभर मलाच शिकवतील." हसत म्हणाली, पण डोळे भरले होते.

मी इमानेइतबारे चुकलो. विमान उगाच डावीकडे कलंडवलं. आतोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येत असलेलं चुकवणं मी शिकवलेलं नाही. ते वजा." मग मात्र मी नीट उडवलं आणि नीट उतरवलं. ते पूर्ण वेळ सामान होते. धावपट्टीच्या कडेला त्यांनी विमान थांबवायला सांगितलं आणि स्वतःचा पट्टा सोडला.

"आतोबा, एक फेरी अजून बसा. तेवढ्यात तुमचं भागेल."

"तुला एकट्याला जमतंय. माझ्या तासांसाठी तुझ्या मानेवर बसू?" त्यांनी रिकाम्या खुर्चीचा पट्टा आवळून बांधला, दार लावलं आणि गवतात जाऊन उभे राहिले. विद्यार्थी एकटा उडाला तर खालच्या शिक्षकाला एक मिनिटही मिळत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

त्यांचं वजन उतरल्यावर विमान टुणकन वर गेलं. मी एकटा फेरी मारून, धावपट्टीवर एकदा उसळून, उतरलो. तिथला मेकॅनिक हसत धावत आला. तुमचे सर पूर्ण वेळ आकाशाकडे बघून ओरडत होते, म्हणाला. नाक खाली, नाक खाली, म्हणजे विमानाचं. साऱ्या वर्षात विमानात ते इतकं बोलले नव्हते, आणि त्यातलं काही कुठे धरलं जाणार नव्हतं.

आतोबा आले, माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाले. घसा पार बसला होता, आवाजच फुटला नाही. शाबास असावं. नाक खाली, हेही असू शकेल. त्यांच्यासमोर मला रडू आलं, आणि मी विचारलं नाही. परवान्याची मुदत संपली, आणि त्यानंतर ते विमानात शिकवायला कधी बसले नाहीत. ते काय म्हणाले होते, हे विचारायचं राहूनच गेलं, याची चुटपुट मला अजून आहे.