आधी थोरली

माझ्या सासूबाई धाकट्या. म्हणजे जुळ्यांतल्या धाकट्या. बहिणीपेक्षा घटकाभर उशिरा जगात आल्या आणि तेवढ्यासाठी जन्मभर धाकट्या राहिल्या. दोघींचं नाक, कपाळ, हनुवटीवरची खळी, सगळं सारखं. पण त्यांच्या आईने घरात एक कायदा करून ठेवला होता: आधी थोरली. नवा फ्रॉक आधी थोरली घालणार, आंघोळीचं गरम पाणी आधी थोरलीला, झोपताना भिंतीकडची जागा थोरलीची. सासूबाई हे सांगताना हसायच्या. "अगं, पोटातसुद्धा मला ढकलून तिनेच पुढे नंबर लावला," म्हणायच्या. बहिणीला मात्र त्या ताईच म्हणायच्या.

लग्नाच्या वेळी पुन्हा तोच कायदा. पहिलंच स्थळ चांगलं आलं, फरशा आणि नळांचं मोठं दुकान असलेल्या घरचं. त्या मुलाने दोघींपैकी कुणालाही होकार दिला असता, कारण कोण कुठली हे त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही. आधी थोरली म्हणून ते तिकडे गेलं. धाकटीला पुढचं स्थळ आलं, ते माझे सासरे. माणूस लाख मोलाचा, पण भिंती रंगवणारा. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर घरी. ते लवकर गेले आणि सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागल्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्या दोन खोल्या टायरच्या दुकानावर होत्या. कपड्यांना, उशांना, पाण्याच्या पेल्यालासुद्धा रबराचा वास. सासूबाईंच्या अंगाला मात्र धुण्याच्या सोड्याचा. धुलाईखाना तळघरात, खिडकी नावाला नाही. दोघीदोघींनी ओली चादर दोन टोकांना धरायची, ताणायची आणि गरम रोलरमध्ये सरकवायची. दिवसभर उभं राहून. संध्याकाळी त्यांच्या पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडायचा, आणि माझा मुलगा त्याच्याशी खेळायचा. आजीच्या पायाला बेंबी आली म्हणायचा. आम्हीही हसायचो.

एका आरोग्य संस्थेला अशा जुळ्या बहिणी हव्या होत्या, ज्या एकाच घरात वाढल्या पण पुढे एकीकडे पैसा आला आणि दुसरीकडे नाही आला. पैशाचा तब्येतीवर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, त्यासाठी एवढं कशाला, आमच्या जिन्यात येऊन उभे राहा. पण सासूबाई हरखल्या. वर्षातून एकदा ताईबरोबर दिवस घालवायला मिळणार, न्यायला गाडी येणार, चहा मिळणार. मी सोबत जायची.

पहिल्याच दिवशी टॅब घेऊन फिरणारी एक मुलगी पुढे आली. आम्ही तिचं नाव टॅबवाली ठेवलं. ती मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या ताईंना, म्हणाली, "ताई, तुम्ही या खुर्चीत बसा." मग सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "आजी, तुम्ही सावकाश या हं, पायरी आहे."

मावशी ताडकन म्हणाल्या, "अहो, जुळ्या आहोत आम्ही! थोरली मी आहे."

टॅबवालीचा चेहरा पडला. सासूबाईंनीच तिला सांभाळून घेतलं. "असू दे गं. मी आधीपासूनच वयाने जरा पुढची दिसते." मला मात्र त्या पोरीचा राग आला, आणि ती खोटं बोललेली नाही याचा जास्त आला.

तिथे सगळं मोजायचे. वजन, रक्तदाब, नळीत फुंकर, हाताची पकड. पकडीत सासूबाई दरवर्षी जिंकायच्या. ओल्या चादरी ओढून ओढून मनगटं दणकट झाली होती. मावशींचा आकडा बघून त्या टाळ्या वाजवायच्या. "ताई, तुला फरशा विकून काय मिळालं गं? साधा डबा उघडणार नाही तुझ्याच्याने." फुंकरीत हरायच्या, जिना चढताना हरायच्या, त्याबद्दल बोलायच्या नाहीत.

रक्तदाब दोघींचाही वाढलेला निघाला. आईकडून आलेला. त्यांची आई पन्नाशीही न गाठता गेली होती, सुजलेल्या पायांनी आणि लागलेल्या दमाने. मावशींनी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठले. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी, वेळच्या वेळी तपासण्या, स्वयंपाकाला बाई होती तिला मीठ कमी टाकायची ताकीद. सासूबाईंनीही गोळी सुरू केली, एक दिवसाआड. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट होत्या, पण रांग सकाळची आणि सकाळ धुलाईखान्याची. खाडा केला की पगार कापला जायचा, आणि मुकादम वर ऐकवायचा की तुम्हाला झेपत नसेल तर दुसऱ्या बायका आहेत. माझ्या नवऱ्याचं मालाची गाडी चालवण्याचं काम तेव्हा सुटलं होतं. मी मावशींकडे मागूया म्हटलं तर सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "सगळं जग तिच्याकडे मागत असतं. मी एक तरी न मागणारी असू दे तिला."

टॅबवाली दरवर्षी आकडा बघायची आणि सासूबाईंना कळवळून सांगायची, "मावशी, डॉक्टरांना दाखवा हो." आजीवरून ती मावशीवर आली होती.

एकदा मी तिच्यावर उखडले. "तुम्ही का नाही औषध देत? एवढं मोजता ते!"

ती म्हणाली, "आम्हाला फक्त मोजायची परवानगी आहे." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्यावर काय चिडणार?

एका वर्षी सासूबाई पकडीतही हरल्या. त्यांनी दोनदा पुन्हा करून पाहिलं. त्याच वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या.

किडनीच्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि पहिलंच वाक्य बोलले, "रक्तदाब फार अंगावर काढलात तुम्ही." जसा काही हा सासूबाईंचा छंद होता. कुणाला दुखणं अंगावर काढायची हौस असते? ज्याच्याकडे अंगाशिवाय दुसरं काही नसतं तोच काढतो. हे मी मोठ्याने बोलले नाही. सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलंच माझं. पण आमच्या रक्तातच आहे ते, डॉक्टर. आईचंही असंच झालं."

रक्तातच आहे, हे त्यांचं पांघरूण होतं. त्याखाली सगळे मावत होते. नवरा सुटत होता, मुलगा सुटत होता, मुकादमही सुटत होता आणि ताई तर सुटतच होती. कुणाचाच दोष नाही.

आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसच्या यंत्रावर घ्यायला लागले. तेच हॉस्पिटल, फक्त तळघराऐवजी तिसरा मजला. "बघ," त्या मला म्हणाल्या, "आता माझंच रक्त धुवायला टाकलंय." पलंगावर पडण्याआधी त्या चादरीचा कोपरा उचलून बघायच्या आणि ती कुणाच्या हातची ते ओळखायच्या.

मावशी धावत आल्या. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. "माझी एक किडनी घ्या," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांच्या मुलाने तोंड वाकडं केलं तर त्याला म्हणाल्या, "तू गप्प बस. मी तुझ्या आधी हिच्याशेजारी झोपलेय." त्या दिवशी मला मावशी फार आवडल्या. घरी आम्ही सगळे नवीन हुरूप आल्यासारखे बोलायला लागलो. सासूबाईंनी माझ्या मुलाला सांगितलं की आजीच्या पायाची बेंबी आता जाणार.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ते मावशींना म्हणाले, "तुमच्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत. आणि यांना तुमची किडनी अगदी स्वतःची असल्यासारखी लागू पडेल." आम्ही एकमेकींचे हात धरले. मग ते म्हणाले, "पण यांचं हृदय फार थकलंय. ऑपरेशन सोसणार नाही. टेबलावरच काही होईल."

मग सासूबाईंनीच विचारलं, "ताईच्या ठणठणीत आहेत म्हणालात?"

"हो."

"पण आमचं रक्त तर एकच ना?"

"रक्त एकच आहे," डॉक्टर म्हणाले.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. थोडं खोटं बोलले असते तर काय गेलं असतं? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या गोऱ्या, न सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. त्या दिवसानंतर रक्तातच आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. दुसरं काहीही म्हणाल्या नाहीत. मला ते शांत राहणं सहन होत नव्हतं. त्यांनी एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या, निदान मला तरी.

मावशी रोज यायला लागल्या. डबा आणायच्या, पाय चेपायच्या, पायावर खड्डा पडला की बोट चटकन उचलायच्या. सगळे पैसे आता ओतायला तयार होत्या आणि ते ओतायला जागाच उरली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना वेगळ्या वॉर्डात हलवलं. नवीन नर्स होती. तिने मावशींना दारातच अडवलं. "एकालाच आत थांबता येईल. पेशंट तुमच्या कोण? आई का?"

मला वाटलं, आता मावशी ताडकन तिला सांगणार, कारण इतक्या वर्षांत त्यांनी ही चूक एकदाही खपवून घेतली नव्हती. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. सासूबाईंचे केस पार पिकले होते, गालफडं बसली होती.

"बहीण," मावशी म्हणाल्या. "थोरली बहीण आहे माझी."

सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. आम्हाला वाटलं झोप लागलीय. पण त्यांनी ऐकलं होतं. ओठांचा कोपरा जरा हलला, टाळ्या वाजवताना हलायचा तसा.

"मग आता आधी मी," त्या म्हणाल्या.