ऐरणीवरची कुंडी

आमच्या गावाला पाहुण्यांनी एकच गुण चिकटवलाय, शांत. पहाटे जीपमधून राष्ट्रीय उद्यानात जायचं, दहाला परत येऊन नाश्त्यावर तुटून पडायचं आणि तीनपर्यंत ताणून द्यायची. माझ्या लॉजच्या चारही खोल्या या झोपेवर चालतात. आणि नेमके त्याच वेळी भिंतीपलीकडे माझे थोरले दीर पत्रा बडवायचे.

गाव त्यांना खडखडे म्हणायचं. बाराव्या वर्षापासून हातात हातोडी. गावातलं प्रत्येक धुराडं, प्रत्येक पन्हळ त्यांच्या हातची, माझ्या लॉजचीसुद्धा. बादली झाली की पाणी भरून कोऱ्या कागदावर तासभर ठेवायचे. कागदाला थेंबभर ओल दिसली तरी ती विकायचे नाहीत. तोंड मात्र फटकळ. कुणी "जरा लवकर द्या" म्हणालं की "पळत जा, प्लॅस्टिकची घ्या" हे ठरलेलं उत्तर. मला हा माणूस कधीच आवडला नाही. आता उगाच गोड कशाला बोलू?

"भाऊजी, दुपारचं तेवढं थांबवा," मी एकदा हात जोडून म्हटलं.

"दुकानात उजेड दुपारीच येतो. तुम्ही खोल्या विकता की झोप, मालकीणबाई?"

मालकीणबाई! सख्ख्या भावाच्या बायकोला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या लॉजवाल्यांच्या सह्या घेऊन मी नगरपालिकेत अर्ज दिला. सही करताना नवऱ्याने मान वर केली नाही. मीही बघून न बघितल्यासारखं केलं. महिन्याभरात वस्तीत ठोकाठोकीला बंदी आली.

भाऊजी भांडायला येतील म्हणून मी बाह्या सरसावून बसले होते. आलेच नाहीत. एक हातोडी सोडून सगळी हत्यारं त्यांनी भंगारात दिली आणि बंद दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. भंगारवाल्याकडून ऐरण मी उचलून आणली. लॉजच्या दाराशी मांडली, वर फुलांची कुंडी ठेवली. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढायचे. भाऊजी रोज खुर्चीतून बघायचे. मुद्दामच तिथे ठेवली होती मी, खोटं का सांगू?

तीन महिने सुखात गेले. मग माकडं आली. जंगल आमच्या शेवटच्या घराला लागूनच आहे. इतकी वर्षं ती गावात का शिरत नव्हती, हा प्रश्न आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच पडला नव्हता. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं. खिडकीतून पाव गेला, चष्मा गेला, एका बाईंची औषधं गेली. फटाके लावले, पण फटाका एकदाच वाजतो. माकडं तेवढी थांबून परत यायची. दोन खोल्यांचे पाहुणे एकाच दिवशी सामान बांधून निघून गेले.

गेले मी खुर्चीपाशी. "भाऊजी, चुकलं माझं. अर्ज मागे घेते. परत सुरू करा."

त्यांनी खुर्चीखालची हातोडी काढून माझ्यापुढे धरली. "मागच्या महिन्यात बघितलं उचलून. दोन ठोक्यांत खांदा धरला. छप्पन्न वर्षं रोज चालत होता, तोवर कुरकुर नव्हती त्याची. तुम्ही त्याला विश्रांती दिलीत. आता तुम्हीच बडवा."

मला शिव्या हव्या होत्या. त्या सोप्या गेल्या असत्या.

अर्ज मागे घेतला, बंदी उठली. आता रोज दुपारी मी कुंडी खाली ठेवते आणि ऐरणीवर जुना पत्रा घेऊन बडवते. माकडं लांब राहतात. पाहुणे कपाळाला आठ्या घालून बाहेर येतात.

"हळू, मालकीणबाई! लोक झोपलेत," खुर्चीतून भाऊजी ओरडतात.

ओरडतात, पण बोटं मांडीवर ठोके देत असतात. एकही चुकत नाही. माझे चुकतात.