कमीकाकांनी खोडलेली सही

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कमीकाका म्हणायचे, अगदी तोंडावर. कोणीही नवा प्रोग्राम घेऊन गेलं की त्यांचा एकच प्रश्न: "दर फेरीला काय कमी होतंय, तेवढं दाखव."

आम्ही नियमांचे प्रोग्राम लिहितो. हे खरं असेल तर ते खरं, पण ते ठरवायचं तर आधी अमुक तपासा, असे नियम. यंत्र एका नियमातून दुसऱ्यात जातं, फिरून पहिल्यात येतं. उत्तर सापडलं तर ठीक, नाहीतर घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं आणि विचारणारा ताटकळतो. असं होणार नाही, प्रोग्राम कधीतरी थांबणारच, हे कागदावर सिद्ध करायचं काम काकांचं. दर फेरीला घटत जाणारं काहीतरी ते शोधून काढायचे. "बरणीतलं रोज एक बिस्कीट खाल्लं तर बरणी संपणारच. त्याला ज्योतिषी कशाला हवा?" म्हणायचे.

जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल. त्यावर शिसपेन्सिलीचे बोटभर तुकडे आणि एक जाड वही. वहीत प्रोग्रामचं नाव, शेजारी 'थांबतो', खाली सही. बावीस वर्षांत एकही सही खोडावी लागली नव्हती, आणि हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे. आम्ही पाठीमागे हसायचो. पण त्यांच्या सहीवर डोळे मिटून विसंबायचोही.

त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते तेव्हा माझा प्रोग्राम त्यांच्याकडे गेला. एका रुग्णालयासाठी होता. नवं औषध द्यायचं, तर रुग्ण आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांशी ते भांडणार नाही ना, हे तो बघायचा. यादीतली पहिली गोळी तपासायची, मग उरलेली यादी. दर फेरीला यादी एका गोळीने लहान. काकांनी पाच मिनिटांत सही ठोकली. सोमवारी तो चालू व्हायचा होता आणि मी, खोटं कशाला बोलू, हवेत होते.

शुक्रवारी म्हणाले, "चल, यंत्राला प्रश्न विचारणारी माणसं बघून येऊ." मी कपाळाला हात लावला, पण रुग्णालयात गेले.

अपघात विभागातली सिस्टर एका हाताने पट्टी गुंडाळत आमच्याशी बोलत होती. काकांनी सहज विचारलं, "गोळ्यांच्या यादीची जागा कधी कोरी सोडता का हो?"

"सोडते की. बेशुद्ध माणूस आला तर काय भिंतीला विचारू?"

"मग 'काही घेत नाही' असं भरा ना."

"असं कसं भरू? घेत नाही हे वेगळं आणि माहीत नाही हे वेगळं! आठवड्यात दोनतीन तरी येतात असे."

काका मटकन बाकावर बसले. मला उमगायला मिनिटभर लागलं. रिकामी यादी आणि माहीत नसलेली यादी, दोन्ही आम्ही एकच धरून बसलो होतो! यादी माहीत नसली की यंत्र ती स्वतःच रचायला लागतं. आधी धरतं, गोळी एकही नाही. तेवढ्यावर उत्तर जुळलं नाही की धरतं, एक असेल. मग दोन, मग तीन. घटायची सोडून यादी वाढतच जाते, आणि त्याला शेवट नाही.

"काका, कोणाला कळणार नाही," मी रस्त्यात म्हणाले. "सोमवारी चालू होऊ दे, मी मागाहून गुपचूप दुरुस्त करते. तुमची सही तरी शाबूत राहील."

काका ऑफिसात पोचल्यावर तडक साहेबांसमोर गेले, वही उघडली आणि आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली. "पुरावा चुकलाय. चूक माझी. सोमवारी चालू करू नका."

साहेब वैतागले. "जाता जाता कशाला नाट लावताय, काका?"

माझा तर तिळपापड झाला. "तुम्ही चाललात घरी, इथे माझ्या कामाचा बोऱ्या वाजला," म्हणून मी फणकाऱ्याने निघून आले. पुढचे चार दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पण काम तर करायलाच हवं होतं. सगळ्यांत वर एक नियम टाकला: यादी माहीत नसेल तर पुढे जाऊच नकोस, तसं सांग आणि थांब. पुरावा या वेळी मीच लिहिला. काकांनी तो दोनदा वाचला, मान डोलावली. त्यांच्या शेवटच्या दिवशी सकाळी प्रोग्राम चालू झाला.

दुपारी सिस्टरचा फोन आला. बेशुद्ध माणूस आला होता, जागा कोरी होती. पडद्यावर लगेच आलं, 'यादी माहीत नाही, डॉक्टरांना विचारा.' तिने विचारलं, डॉक्टर धावत आले.

मी जिन्याखाली गेले. काका टेबल आवरत होते.

"राग गेला का?"

"गेला. पण बावीस वर्षांची सही, काका! गप्प बसला असतात तर?"

ते खुर्चीत बसले. "माझ्या थोरल्या भावाने एका कारखान्यात अर्ज केला होता. विचारायला गेला की म्हणायचे, बघतोय. मधे दुसरीकडून बोलावणं आलं, तर हा गेला नाही. म्हणाला, आधी इथलं उत्तर येऊ दे. 'नाही' म्हणाले असते ना, तर एक दिवस रडला असता आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला असता. टपाल यायच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसायचा."

"मग काय उत्तर आलं?"

"अजून नाही आलं," काका म्हणाले. "त्याला जाऊन सहा वर्षं झाली."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, मी माझ्या पुराव्याखाली सही केली.